दहा मुलाखतींपैकी सहा

जुलै १९८२, दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. उपस्थित: विभागप्रमुख सर, मी (त्यांच्या हाताखालची अधिव्याख्याती), प्रशिक्षणार्थी वीस, पैकी बाया बारा, पुरुष आठ. गैरहजर दोन: चांदवडचे एक शिक्षक, घरी कांद्याची गाडी भरायची म्हणून, दुसऱ्या एक बाई, बाळंतपणामुळे. उशिरा एक: येवल्याच्या बाई, एसटी विंचूरला बंद पडली म्हणून. शिपाईही होता, पण हजेरीत शिपाई धरायचा नाही अशी आमच्याकडे पद्धत होती.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. मी सगळ्याच्या याद्या करते. आमचे हे म्हणतात, "तू गेलीस तर सामान आणायला मला विचार करावा लागणार नाही, यादी ट्रंकेत तयार असेल." तशी ती तयार नाही, पण लग्नाची आहे, गणपतीची आहे, गावाला जाताना घर बंद करायची आहे. याद्यांमुळे माझं कुठं अडलेलं नाही. माझ्या यादीमुळे दुसऱ्या कुणाचं अडलं, ते मात्र लिहून ठेवायला हवं.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात तेव्हा नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी एक वर्षाचा वर्ग सुरू झाला होता. कागदावर नाव होतं "शालेय मार्गदर्शन व समुपदेशन". बोलताना सगळे "गायडन्सचा कोर्स" म्हणायचे. शाळेतल्या मुलामुलींचं म्हणणं कसं ऐकायचं, त्यांना उपदेश न करता वाट कशी दाखवायची, हे शिकवायचं. शनिवारी सकाळी वर्गात सराव असे. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एका खुर्चीत समुपदेशक, दुसरीत "केस". बाकीच्यांनी बघायचं आणि जर्नलमध्ये नोंद करायची. दुपारी चार-चारजणांनी पंचवटीतल्या मुलींच्या एका शाळेत जाऊन खऱ्या मुलींच्या मुलाखती घ्यायच्या. वर्षभरात प्रत्येकाच्या अशा दहा मुलाखती झाल्या पाहिजेत, तरच प्रमाणपत्र. कुणी कोणत्या शनिवारी जायचं ही यादी करणं माझं काम.

येवल्याच्या बाईंना ते प्रमाणपत्र फार हवं होतं आणि का हवं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या येवल्यापुढच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात शिकवत. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी. एसटीच्या थांब्यापासून शाळा चांगली अर्ध्या तासाच्या चालीवर, मातीच्या रस्त्याने. त्याच संस्थेच्या येवल्यातल्या शाळेत गायडन्सच्या शिक्षकाची एक जागा निघाली होती. संस्थेच्या सेक्रेटरींनी तोंडी सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. ती शाळा स्टँडपासून चार पावलांवर. "मॅडम, मला एवढंच पाहिजे," त्या म्हणाल्या, "शाळेत पोचल्यावर शिकवायला अंगात जोर उरला पाहिजे."

पहिली चूक ऑगस्टमध्ये झाली. फीमाफीची यादी वर्गात मोठ्यानं वाचायची पद्धत होती. नाव वाचायचं, सही घ्यायची, पुढचं नाव. मी तशीच वाचली. वरच्या "नवबौद्ध विद्यार्थी" या मथळ्यासकट वाचली. त्यातून येवल्याच्या बाईंची जात एकवीसजणांना कळली. त्या बौद्ध होत्या आणि त्यांनी ते लपवलेलंही नव्हतं, पण सांगायचं कधी आणि कुणाला, हे त्यांचं त्यांनी ठरवायला हवं होतं. त्या कुबडी सावरत पुढं आल्या, सही केली, जागेवर जाऊन बसल्या. मी पुढचं नाव वाचलं.

दुसरी चूक मी दुपारची यादी लावताना केली. पंचवटीतल्या शाळेनं मुलाखतींसाठी जी खोली दिली होती ती दुसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, लाकडी, धरायला कठडा एकाच बाजूला. मी तो जिना आधी जाऊन पाहून आले होते. मी सगळं आधी जाऊन पाहून येते. पाहिलं आणि मनाशी म्हटलं, या बाईंना कशाला त्रास. त्यांच्या नावापुढं लिहिलं: "जागेवर". म्हणजे बाकीचे पंचवटीत जाणार, त्या कॉलेजात बसून जर्नलं लावणार, पुस्तकांची कार्डं करणार. कार्डं त्यांनी इतकी नेटकी केली की सरांनी ती प्राचार्यांना दाखवली. त्यांना जिना चढता येईल का, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. आम्ही सगळे विचारायचं कसं हेच शिकवत होतो.

सकाळच्या सरावात त्या नेहमी "केस" असत. हेही आपोआप झालं. केसची खुर्ची दाराजवळ होती, त्यांना सोयीची. दोन-तीन शनिवार त्या बसल्या, मग ती खुर्ची त्यांचीच झाली.

सप्टेंबरातला एक शनिवार मला चांगला आठवतो. सरांनी सांगितलं, आज काल्पनिक केस घ्या. निफाडचे गुरुजी समुपदेशक झाले. वर्गातले वयानं सगळ्यांत मोठे, मनानं साधे, द्राक्षबागेतून थेट वर्गात आल्यासारखे. येवल्याच्या बाईंनी सासुरवाशिणीचं सोंग घेतलं.

"सासू लय बोलते हो," बाई म्हणाल्या. "चहात साखर जास्त झाली तरी माझ्या बापाचा उद्धार."

गुरुजींनी मान हलवली. वहीत बघितलं. "बरं. मंग ती तुमच्या पायावरून बोलती का?"

"पायावरून नाही. साखरेवरून."

"नाय, पण मनात तर तेच आसंल ना तिच्या. आपली सून अशी हाय..."

"गुरुजी, सासूचं चाललंय. पाय मी आज घरी ठेवून आलेय."

वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले, कान लाल झाले त्यांचे. "बरं बाई, ऱ्हायलं. मंग साखरंचं सांगा." पण दोन वाक्यं झाली आणि ते पुन्हा विचारते झाले, "लहानपणी शाळेत पोरं चिडवायची का तुम्हाला?"

बाईंनी सोंग सोडलं. "चिडवायची," त्या म्हणाल्या. "चिडवायची आणि पळून जायची, कारण मला धरता यायचं नाही. लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. एकवीसजणांच्या पेनांचा आवाज मला ऐकू आला. सर खूश. शेवटी फळ्यापाशी येऊन म्हणाले, "बघा, ही खरी केस. काल्पनिकातून खरी बाहेर काढली, याला कौशल्य म्हणतात." मग फळ्यावर लिहिलं: जात व अपंगत्व यांमुळे दुहेरी न्यूनगंड. मीसुद्धा माझ्या वहीत उतरवून घेतलं. सासूचं आणि साखरेचं कुणाच्याच जर्नलात गेलं नाही.

ऑक्टोबरात सुटीच्या आदल्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, पंचवटीला माझा नंबर कधी?"

"लावते," मी म्हटलं, आणि त्यांच्या देखत यादीत लिहिलं: येवला — बघणे.

माझी एक पद्धत आहे. दर सोमवारी नवी यादी करते, आदल्या आठवड्याचं राहिलेलं काम नव्या यादीत उतरवते. म्हणजे काही विसरत नाही. "येवला — बघणे" मी नोव्हेंबरभर उतरवलं, डिसेंबरभर उतरवलं. विसरले कधीच नाही. उतरवलं की काम चालू आहे असं वाटायचं.

जानेवारीत जर्नलं जमा करायची होती. आता यातली अंदरकी बात बीएड केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जर्नल एकजण मनापासून लिहितो, बाकीचे रात्र जागून उतरवतात. त्या वर्षी कन्याशाळेतल्या एका बाईंनी मनापासून लिहिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. "केस क्रमांक एक" म्हणून त्यांनी येवल्याच्या बाईंना घेतलं होतं, आणि बाकीच्यांनी ती उतरवली. मी खाकी कव्हरांचा गठ्ठा तपासायला घेतला. वय, गाव, वडील मागावर काम करतात, भावंडं किती, पाय कोणता, जात कोणती, दुहेरी न्यूनगंड. एकेक जर्नल उघडलं की पहिल्या पानावर तीच. आमच्या खेरीज परीक्षेला बाहेरून येणाराही हे वाचणार होता.

शेवटून दुसरं जर्नल येवल्याच्या बाईंचं स्वतःचं निघालं. त्यात केस क्रमांक एक नव्हती. पानं कोरी होती. वर फक्त लिहिलं होतं: "मुलाखती: ०".

तेव्हा कुठं मी माझी यादी आणि नियमाचा कागद शेजारी ठेवले. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. बाकी एकवीसजणांच्या दहा दहा मुलाखती भरल्या होत्या, निदान कागदावर. यांची एकही नाही.

सोमवारी सरांकडे गेले. ते म्हणाले, "त्यात काय? दहा तारखा टाका आणि बरोबरच्या खुणा करा. अपंग बाई आहे, कोण विचारणार?"

मला हे सोयीचं वाटलं, ते कबूल करते. शनिवारी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या येवल्याच्या शाळेत एखादी पोरगी माझ्यासमोर येऊन बसली, तर तिला काय, बरोबरच्या खुणा दाखवू?"

"तसं नाही हो, पण वेळ..."

"मॅडम, मी कार्डं करायला नाही आले. मला खुर्ची द्या, समोरची."

"तिथं जिना आहे. दोन मजले."

"दर शनिवारी मी एसटीत कशी चढते असं तुम्हाला वाटतं? कंडक्टर उचलून ठेवतो?"

एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. हे मला ठाऊक होतं, मीही एसटीनं जाते. पण त्यांच्या संदर्भात तो विचार मी केला नव्हता.

त्याच दुपारी आम्ही पंचवटीला गेलो. त्या जिना बसून चढल्या. पायरीवर बसायचं, हातांनी अंग वर उचलायचं, पुढच्या पायरीवर बसायचं. कुबडी मी वर नेऊन ठेवली. वेळ लागला. वर पोचल्यावर त्यांनी पदर झटकला, घाम पुसला आणि विचारलं, "मुलगी कुठंय?"

नववीतली मुलगी होती. सहा महिने वर्गात तोंड उघडत नव्हती, म्हणून पाठवलेली. मी मागं भिंतीशी बसले. मुलगी कॅलिपरकडं बघत होती. मला राहवेना, मी पुढं होऊन काही सुचवणार होते, तोच मुलगी म्हणाली, "बाई, हे रोज काढता?"

"झोपताना काढते. सकाळी पुन्हा घालते."

"जड आहे?"

"आहे. पाहिजे तर हात लावून बघ."

मुलीनं वाकून लोखंडावर बोट ठेवलं. मग सरळ बसली. "मी वाचायला उठले की अडखळते. सगळ्या हसतात. म्हणून मी उठतच नाही."

"मग बाई काय म्हणतात?"

"उभी राहा म्हणतात बाकावर. त्याला मी राहते. वाचण्यापेक्षा ते बरं."

येवल्याच्या बाई हसल्या नाहीत, च्-च् केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बाकावर उभं राहायला तुला बरं वाटतं, हे तुझ्या बाईंना ठाऊक नसणार." मुलगी खुदकन हसली, आणि मग बोलायला लागली ती घंटा होईपर्यंत बोलत होती. त्या वर्षी मी तिथं कितीतरी मुलाखती मागं बसून ऐकल्या होत्या. इतकी चांगली दुसरी ऐकली नाही. मी वहीत पहिली खूण केली.

पुढं त्यांनी रजा टाकून मधल्या वारीही यायला सुरुवात केली. सहा मुलाखती झाल्या. सातव्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हाला खालीच थांबवलं. त्या वाईट नव्हत्या, पण कातावलेल्या होत्या.

"हे बघा, आता बस. परवा मधल्या सुटीत पोरी लंगडत चालायचा खेळ खेळत होत्या. पालक विचारायला लागलेत. मुलींना धीर द्यायला माणूस कसं धडधाकट पाहिजे."

मी म्हटलं, "बाई, आणखी चारच मुलाखती."

"तुमच्या बाकीच्या लोकांना पाठवा ना. त्यांना कुठं मी नाही म्हटलंय?"

येवल्याच्या बाई तिथंच, पहिल्या पायरीशी उभ्या होत्या. त्या एकदाच बोलल्या: "खेळू द्या हो पोरींना. मी लहानपणी सरळ चालायचा खेळ खेळायचे."

मोठ्या बाई ऑफिसात निघून गेल्या. मी आणखी काही बोलले नाही. त्यांच्याशी भांडले असते तर पुढच्या वर्षी आमच्या वर्गाला शाळा मिळाली नसती, असा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. बाहेर येऊन टांगा ठरवला.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, सहावर मान्य कराल का? बाकीच्यांच्या दहामधल्या निम्म्या उतरवलेल्या आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सरांनी चष्मा काढला. "त्यांचं प्रकरण वेगळं आहे. सवलत दिली तर लोक म्हणतील, या सगळीकडेच सवलतीवर येतात. त्यांच्या भल्यासाठी सांगतोय, नियम पाळा."

महिन्याभरापूर्वी शून्यावर दहा खुणा करा म्हणणारे हेच. तेव्हा त्या गरीब बिचाऱ्या होत्या. आता त्यांनी हक्कानं मागितलं होतं.

निकालाचा तक्ता मीच भरला. त्यात "अपूर्ण" असं लिहिलं की शेजारच्या रकान्यात कारण द्यावं लागे. रकाना रिकामा ठेवला तर विद्यापीठातून कागद परत येई. "मुलाखती देण्यात आल्या नाहीत" असं लिहिलं तर देण्याचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न आला असता. मी लिहिलं: शारीरिक कारणास्तव. दोन शब्द. रकान्यात बरोबर बसले.

जूनमध्ये गुणपत्रिका न्यायला त्या आल्या. तिच्यावर तेच दोन शब्द टाइप होऊन आले होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तक्ता मी भरला," मी म्हटलं.

"शारीरिक कारण कुणाचं? मी सहा वेळा चढले."

त्यांनी गुणपत्रिका पिशवीत घातली. "मॅडम, जागा गेली ती गेली, तिथं माणूस घेतला त्यांनी. पण हा कागद मला जन्मभर दाखवावा लागणार. वाचणारा म्हणणार, बाईला जमलं नाही. मला एक पत्र द्या. मुलाखती मी टाळल्या नाहीत, मला नेमून दिल्या गेल्या नाहीत, एवढंच. उपकार नको, जे झालं ते लिहा."

मी हो म्हटलं. आठवड्याभरात मसुदा केला, सरांपुढं ठेवला. सर म्हणाले, विभागाची बदनामी होईल, सही करणार नाही. ते आता निवृत्त झाले. मी मधल्या काळात दुसऱ्या कॉलेजात गेले, तिथं गायडन्सचा वर्ग मीच घेते. फीमाफीची यादी मोठ्यानं वाचत नाही. मुलाखतीची खोली तळमजल्यावर घेतली आहे. केसची खुर्ची दर शनिवारी बदलते. विद्यार्थी म्हणतात, मॅडमचं नियोजन चोख असतं.

येवल्याच्या बाई अजून त्याच खेड्यात आहेत. वर्षातून एकदा कुठल्या तरी जागेसाठी अर्ज करतात, मुलाखतीला जातात, समोरचे गुणपत्रिका वाचतात आणि विचारतात, "तुम्हाला झेपेल का?" हे त्या मला कार्डावर लिहून कळवतात. तक्रार नसते. शेवटी एक ओळ असते: पत्राचं बघावे.

या महिन्यात त्यांचं कार्ड पुन्हा आलं. मनमाडच्या एका शाळेत जागा आहे, अर्जाची मुदत तीस तारखेपर्यंत. मी पेटी उघडून त्या वर्षीच्या सगळ्या याद्या काढल्या. "जागेवर" लिहिलेलं प्रत्येक पान आहे. पत्राला दुसऱ्या कुणाच्या सहीची गरज नाही, हे मला सात वर्षं माहीत आहे. यादी मी केली, कारण मी लिहिलं, सहीही माझीच चालेल. पण त्या सहीबरोबर हेही कागदावर येईल की यादी माझी होती. येत्या मार्चमध्ये विभागप्रमुखपदासाठी माझी निवड व्हायची आहे.

आज एकवीस तारीख. पत्र टाइप करून घेतलं आहे, तीन ओळींचं. सोबत जोडायच्या पानांच्या नकला झाल्या. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. सही राहिली आहे.